क्रियापदाचं नाम होताना

दुसऱ्याचे दोष काढण्याला मराठीत ‘नावं ठेवणं’ म्हणतात. रोजच्या वापरानं हा वाक्प्रचार इतका गुळगुळीत झाला आहे की त्यात नेमकं काय घडतं, हे आता जाणवतही नाही. बाळाचं नाव ठेवतात ते बारशाला, एकदाच आणि एकच. मोठ्या माणसाला मात्र नावं ठेवतात ती अनेकवचनात, आणि त्या बारशाला तो स्वतः हजर नसतो. शेजारचे गृहस्थ परवा खोटं बोलले, ही एक घटना झाली. तिला दिवस असतो, वेळ असते, समोर कोणीतरी असतं, मागे काहीतरी कारण असतं. ‘ते खोटारडे आहेत’ असं म्हटलं की दिवस, वेळ, समोरचा माणूस आणि कारण हे सगळं गळून पडतं आणि उरतो एक शब्द, जो त्यांच्या नावाआधी कायमचा लागू शकतो. या कामासाठी भाषेची तयारीही जय्यत आहे. फारसीतून आलेला ‘खोर’ हा प्रत्यय घ्या. त्याचा मूळ अर्थ खाणारा, त्यामुळे लाच खाणारा तो लाचखोर इथवर ठीक होतं, पण पुढे आपण भांडखोर केला, चहाडखोर केला, खोडी काढणारं पोर खोडकर ठरवलं, काम टाळणारा कामचुकार ठरवला. प्रत्येक वेळी एका क्रियापदाचं नाम किंवा विशेषण झालं. मला इथे जे म्हणायचं आहे ते या व्याकरणाच्या पायरीबद्दल आहे. रोजच्या जगण्यातला आपला नैतिक निवाडा कृतीपाशी फारसा चुकत नाही. खोटं बोलणं वाईट, लाच खाणं वाईट, यावर चावडीपासून न्यायालयापर्यंत बहुतेकांचं एकमत असतं. चूक होते ती क्रियापदाचं नाम करताना, आणि ती चूक चांगुलपणाच्या अभावामुळे होत नाही. ती पुराव्याची चूक आहे: एका प्रसंगाची साक्ष काढून आपण साऱ्या आयुष्याचा निकाल देतो.

ही खोड आपल्याला फार लहानपणीच लागते. सुसान गेलमन आणि गेल हेमन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली एक छोटा, पण डोळे उघडणारा प्रयोग प्रसिद्ध केला. पाच आणि सात वर्षांच्या मुलांना त्यांनी काही काल्पनिक मुलामुलींबद्दल सांगितलं. अमुक मुलगी मिळेल तेव्हा गाजरं खाते, असं काहींना सांगितलं. तीच मुलगी ‘गाजरखाऊ’ आहे, असं इतरांना सांगितलं. माहिती तीच, फरक फक्त नामाचा. मग विचारलं, ही मोठी झाल्यावरही गाजरं खाईल का? घरच्यांनी अडवलं तरी खाईल का? ‘गाजरखाऊ’ हा शब्द ऐकलेल्या मुलांनी तिची आवड अधिक पक्की, अधिक टिकाऊ मानली. गाजराच्या बाबतीत याचं हसू येतं. पण शाळेत चौथीतल्या मुलाला बाई ‘तू अभ्यास केला नाहीस’ म्हणतात की ‘तू आळशी आहेस’ म्हणतात, यातलं अंतर याच जातीचं आहे. पहिल्या वाक्यावर उद्या उपाय आहे. दुसऱ्या वाक्यावर त्या मुलानं करायचं तरी काय? नावाला एक सोय आहे, हे मात्र मान्य केलं पाहिजे. रोज भेटणाऱ्या पन्नास माणसांचा प्रसंगवार इतिहास डोक्यात ठेवणं कोणालाच जमत नाही. पाटी लावली की डबा उघडून बघावा लागत नाही. अडचण एवढीच की स्वयंपाकघरात डब्यावरची पाटी लावणारा आत काय आहे ते आधी बघतो.

माणसाच्या आत काय आहे, हे बघण्याचा एक मोठा प्रयत्न गेल्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात झाला आणि त्याचा निकाल पाटी लावणाऱ्यांना अडचणीत टाकणारा निघाला. ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे या संशोधकांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या शिक्षक महाविद्यालयाच्या आश्रयानं मुलांच्या प्रामाणिकपणाचा अभ्यास केला. त्याचा पहिला खंड १९२८ साली प्रसिद्ध झाला. शाळकरी वयाची सुमारे ११,००० मुलं त्यात होती. त्यांनी मुलांना ‘तू प्रामाणिक आहेस का’ असं विचारलं नाही. त्यांनी मोहाच्या जागा तयार केल्या. पेपर घ्यायचा, मुलांच्या नकळत उत्तरांची नोंद करून ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी उत्तरपत्रिका व उत्तरसूची देऊन ज्याचे त्याला तपासायला सांगायचं. कोणी उत्तरं बदलली, ते नोंदीशी ताडून कळायचं. खेळाच्या स्पर्धेत स्वतःचा आकडा स्वतःच सांगायचा. डोळे मिटून खेळायच्या खेळात कोण किलकिल्या डोळ्यांनी बघतं ते पाहायचं. कोड्याच्या खोक्यात नाणी ठेवायची आणि किती परत येतात ते मोजायचं. अपेक्षा अशी होती की काही मुलं सगळीकडे प्रामाणिक निघतील, काही सगळीकडे लबाड, आणि मग कोणत्या संस्कारानं कोण कसं घडलं याचा शोध घेता येईल. हाती आलं ते वेगळंच. सगळीकडे फसवणारी मुलं थोडी, कुठेच न फसवणारीही थोडी. बाकीची बहुसंख्य मुलं इथे फसवत आणि तिथे फसवत नसत. पेपरात उत्तर बदलणारा मुलगा पैशाला हात लावेलच असं नव्हतं. पैशाच्या बाबतीत चोख असलेली मुलगी खेळात सर्रास डोळे उघडायची. एका प्रकारच्या मोहातल्या वागण्यावरून दुसऱ्या प्रकारच्या मोहातलं वागणं ओळखायला गेलं, तर अंदाज फार कच्चा ठरत होता. पण तोच प्रकार, त्याच वर्गात, पुन्हा समोर आला तर मुलं बरीचशी पहिल्यासारखीच वागत. म्हणजे सातत्य होतं. ते ‘लबाड’ या शब्दात मात्र नव्हतं. ‘उत्तरसूची समोर असताना गणिताच्या पेपरात उत्तरं बदलतो’ अशा लांबलचक, कोणाच्याही तोंडात न बसणाऱ्या वाक्यात ते होतं. नाव ठेवायला हे वाक्य फारच गैरसोयीचं आहे, आणि ते खरं आहे.

परिस्थिती किती क्षुल्लक असू शकते, हे १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांच्या प्रयोगानं दाखवलं. प्रिन्स्टनमध्ये धर्मोपदेशक होण्यासाठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी एक छोटं भाषण द्यायला शेजारच्या इमारतीत पाठवलं. काहींचा विषय होता वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाची बायबलमधली कथा. वाटेत एक माणूस दारापाशी कोसळल्यासारखा बसलेला, खोकत, कण्हत. तो अर्थात प्रयोगाचाच भाग होता. काही विद्यार्थ्यांना भरपूर वेळ असल्याचं सांगितलं होतं, काहींना वेळेत निघायला, काहींना ‘तुम्हाला उशीर झालाय, ते वाट बघताहेत’ असं. वेळ असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, मधल्या गटातले ४५ टक्के, घाईतले १० टक्के. कथेवर बोलायला निघाल्यानं थांबण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. प्रयोगातले विद्यार्थी अवघे ४० होते, त्यामुळे या टक्केवारीला दगडावरची रेघ समजू नये. पण त्या दारापाशी कोसळलेला माणूस खरा असता, तर त्यानं निघून गेलेल्या विद्यार्थ्याला काय म्हटलं असतं? निर्दय, ढोंगी, पोटभरू. आणि तो विद्यार्थी स्वतःबद्दल काय म्हणाला असता? ‘उशीर झाला होता.’ दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि स्वतःचं मुसळ दिसत नाही, ही म्हण आपण दोषाच्या आकाराबद्दल वापरतो. मला त्यातला फरक व्याकरणाचा वाटतो. दुसऱ्यासाठी नाम, स्वतःसाठी क्रियापद आणि त्याला जोडलेलं कारण. इथे थोडं जपून बोललं पाहिजे, कारण हा फरक पाठ्यपुस्तकांनी बरीच वर्षं फुगवून सांगितला. बर्ट्रम माले यांनी २००६ साली या विषयावरचे शंभराहून अधिक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा एकूणात तो फरक नगण्य निघाला. मात्र वाईट घडलेल्या प्रसंगांपुरता तो टिकून होता, आणि चांगल्या प्रसंगांत तर उलटा होता: यश आलं की आपण आपल्याला नाम लावतो. नैतिक निवाड्याची गरज बहुधा वाईट प्रसंगीच पडते, म्हणजे गरज असेल नेमकं तेव्हाच आपलं व्याकरण बिघडतं.

आता पहिला आक्षेप, आणि तो वजनदार आहे. शील नावाची गोष्टच नाही, असं यावरून म्हणायचं का? ॲरिस्टॉटलपासून आपल्याकडच्या नीतिकथांपर्यंत सगळ्यांनी सांगितलं की सवयीनं स्वभाव घडतो, आणि अनुभवही तेच सांगतो. चाळीस वर्षं कोणाचा रुपयाही न बुडवणारी माणसं असतात. मग तिजोरीची किल्ली कोणाकडे द्यायची, हे ठरवायचं कशावरून? वॉल्टर मिशेल यांनी १९६८ साली व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्यांवर कडक टीका केली, तेव्हा हाच वाद पेटला होता. सेमूर एपस्टीन यांनी १९७९ साली त्याला चांगलं उत्तर दिलं. एका दिवसाच्या वागण्यावरून दुसऱ्या दिवसाचं वागणं ओळखता येत नाही, पण पुष्कळ दिवसांची सरासरी काढली तर ती पुढच्या पुष्कळ दिवसांच्या सरासरीशी चांगली जुळते. मला हे उत्तर पूर्ण मान्य आहे, आणि ते माझ्याच बाजूचं आहे असं वाटतं. नाम लावायला हरकत नाही; त्याला लागणारा पुरावा एका प्रसंगाचा नसतो, शेकडो प्रसंगांचा असतो. व्यवहारात मुरलेल्या लोकांना हे एपस्टीन न वाचताच ठाऊक आहे. किराणा दुकानदाराची उधारीची वही पाहा. त्यात ‘बुडवा’ किंवा ‘इमानदार’ असा रकाना नसतो. तारीख, माल, रक्कम, जमा, बाकी. सगळी क्रियापदं. दुकानदाराचं त्या गिऱ्हाइकाबद्दल मत असतंच, पण ते वहीतून वर आलेलं असतं आणि पुढच्या पानावर बदलू शकतं. भिशी चालवणाऱ्या बायकाही पैशाच्या बाबतीत भरवशाची बाई निरोपाच्या बाबतीत भरवशाची असेलच असं धरत नाहीत. पैसे तिच्याकडे ठेवतात आणि निरोप दुसरीकडून पाठवतात. हार्टशोर्न आणि मे यांना ११,००० मुलं तपासून जे सापडलं, त्यावर या बायकांची भिशी रोज चालते. जाता जाता, नामांमध्येही एक बरी जात आहे. गृहनिर्माण संस्थेच्या फलकावर ‘थकबाकीदार’ म्हणून नाव लागतं ते अपमानकारक असतं खरं, पण त्या नामाला मुदत असते. पैसे भरले की ते उतरतं. ‘फुकट्या’ला अशी पावती मिळत नाही.

दुसरा आक्षेप असा की हे सगळे प्रयोग अमेरिकेतले. माणसाला एकटा, सुटा समजणाऱ्या समाजाला परिस्थितीचा शोध लागला तर त्यात आपल्याला काय नवल? आपण मुळातच माणसाकडे नात्यागोत्यातून पाहतो. या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याला आधारही आहे. जोन मिलर यांनी १९८४ साली शिकागो आणि म्हैसूर इथल्या लोकांची तुलना प्रसिद्ध केली. दुसऱ्याच्या वागण्याची कारणं सांगताना अमेरिकन प्रौढ स्वभावाकडे अधिक बोट दाखवत, म्हैसूरचे प्रौढ प्रसंग, नाती आणि कर्तव्यं यांकडे. त्यातलं एक उदाहरण अनेकदा सांगितलं जातं. मोटरसायकलला अपघात होतो, चालवणारा वकील जखमी सोबत्याला दवाखान्यात पोचवतो आणि स्वतः कोर्टात निघून जातो, सोबती दगावतो. अमेरिकन मंडळी वकिलाच्या बेजबाबदारपणाबद्दल बोलतात. म्हैसूरचे लोक कोर्टात उभं राहण्याचं त्याचं कर्तव्य, त्याची गोंधळलेली अवस्था, जखम किती गंभीर दिसत होती यांबद्दल बोलतात. आठ वर्षांच्या मुलांमध्ये हा फरक जवळजवळ नव्हता, तो वयाबरोबर वाढत गेला. म्हणजे बघण्याची ही पद्धत समाज शिकवतो, आणि शिकवता येते ही मला यातली सर्वांत आशेची गोष्ट वाटते. पण यावरून आपली पाठ थोपटून घेण्याआधी आपल्याच म्हणी ऐकाव्यात. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ असं आपण म्हणतो, आणि ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ असंही तितक्याच ठामपणे म्हणतो. पहिली म्हण परिस्थितीची, दुसरी स्वभावाची. दोन्ही एकाच तोंडात नांदतात. कोणती कधी बाहेर येते ते पाहिलं तर घरचा मुलगा बिघडला की संगत आठवते, आणि शेजाऱ्याचा बिघडला की खोड. परिस्थितीचा विचार आपल्याला येतो. तो आपण आपल्या माणसांसाठी राखून ठेवतो. वाल्याचा वाल्मीकी होतो हेही आपल्याला मान्य आहे, पण त्यासाठी अंगावर वारूळ चढावं लागतं. दारू सोडून दोन वर्षं निमूट कामावर जाणारा माणूस आपल्या लेखी ‘बेवडा’च राहतो, कारण बदलाचा आपला मापदंड चमत्काराचा आहे.

तिसरा आक्षेप घेताना लोक सर्वांत जास्त चिडतात. परिस्थितीच सगळं करवते म्हटलं, की मग दोष कोणालाच द्यायचा नाही का? स्टॅन्ली मिलग्रॅम यांच्या येल विद्यापीठातल्या प्रयोगांचा दाखला यासाठी नेहमी दिला जातो. १९६१-६२ मध्ये त्यांनी साध्या नागरिकांना, अधिकारी व्यक्तीच्या सांगण्यावरून, शेजारच्या खोलीतल्या माणसाला वाढत्या दाबाचे विजेचे धक्के द्यायला लावलं. धक्के खोटे होते, पण देणाऱ्यांना ते खरे म्हणून सांगितले होते. मूळ मांडणीत ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले. यातून ‘माणूस मुळात क्रूर’ किंवा ‘माणूस मुळात मेंढरू’ असा धडा काढतात, म्हणजे पुन्हा नामच, फक्त सगळ्या मानवजातीला लावलेलं. पण मिलग्रॅमनी मांडणी अनेक तऱ्हांनी बदलली होती. सोसणारा माणूस त्याच खोलीत आणला की शेवटपर्यंत जाणारे कमी होत. सूचना देणारा फोनवर गेला की आणखी कमी. आणि बरोबरचे दोघं मध्येच नकार देऊन उठले, तेव्हा ४० पैकी फक्त ४ जण शेवटपर्यंत गेले. परिस्थितीनं वागणं बदलतं याचा अर्थ जबाबदारी संपते असा होत नाही. ती वाढते, आणि थोडी मागे सरकते. मोहात पडल्यावर काय केलं, याबरोबर ‘त्या मोहाच्या खोलीत तू का गेलास’ हाही प्रश्न विचारता येतो. ज्यानं ती खोली तशी बांधली, तो तर नामाच्या पद्धतीत कधी सापडतच नाही. कारकून लाचखोर ठरतो. साध्या दाखल्यासाठी पाच सह्या आणि सात खेपा मागणारी रचना कोणी केली, हे विचारायचं राहून जातं. कृतीचा दोष कृतीला पुरेपूर द्यावा. लाच घेतली, शिक्षा व्हावी. त्यासाठी त्या माणसाच्या आतड्यापर्यंतची माहिती असल्याचा आव आणावा लागत नाही.

उलट, कृतीकडे पाहणारा निवाडा काही बाबतींत जास्त कडक असतो, हे चांगल्या नामांकडे पाहिलं की कळतं. ‘देवमाणूस’ हे असं एक नाम. आयुष्यभर शिकवलेल्या गुरुजींबद्दल, दानशूर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शेठजींबद्दल, घरातल्या कर्त्या काकांबद्दल एखादी मुलगी काही सांगू लागते, तेव्हा तिला पहिलं उत्तर मिळतं ते ‘ते असं करूच शकत नाहीत’ हे. काय घडलं, कधी, कुठे, हे विचारण्याआधीच नामानं निकाल दिलेला असतो. ज्या प्रकारच्या पुराव्यावर आपण एखाद्या फेरीवाल्याला तासाभरात चोर ठरवतो, त्याच प्रकारचा पुरावा देवमाणसापाशी येऊन अडतो. दान देताना हात सैल असलेला माणूस बंद खोलीत कसा वागतो, याबद्दल दानाच्या पावत्या काहीही सांगत नाहीत. हार्टशोर्न आणि मे यांचा निष्कर्ष इथे फार गंभीर होतो. त्यामुळे नामं जपून वापरावीत हे म्हणणं गुन्हेगाराविषयीच्या दयेतून आलं आहे असं समजणाऱ्यांनी याही बाजूला उभं राहून पाहावं.

राहिला लाजेचा मुद्दा. नाव खराब होईल या धाकानंच माणूस सरळ चालतो, तो धाक काढला तर समाज कशाच्या जोरावर टिकेल, असं म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं सगळंच चूक नाही. ऑस्ट्रेलियाचे गुन्हेशास्त्रज्ञ जॉन ब्रेथवेट यांनी १९८९ सालच्या पुस्तकात लाजवण्याचे दोन प्रकार वेगळे केले. एकात कृत्याची निर्भर्त्सना होते आणि माणसाला परत आत घेतलं जातं. दुसऱ्यात माणसावरच शिक्का बसतो आणि तो बाहेर ढकलला जातो. बाहेर ढकललेला माणूस त्याच शिक्क्याच्या इतर माणसांत जाऊन बसतो, कारण त्याला जागा देणारे तेवढेच उरतात. यातला पहिला प्रकार प्रत्यक्षात कसा दिसतो, याचं एक उदाहरण सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ आहे. औंध संस्थानानं १९३९ मध्ये तिथे स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची मुक्त वसाहत सुरू केली. मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रिडमन यांचा त्यात पुढाकार होता. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसं तिथे भिंतीविना, कुटुंबासह राहून शेती करत. ‘दो आँखें बारह हाथ’ हा व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर त्याच भागातले. चित्रपटात साहजिकच एका ध्येयवादी जेलरच्या डोळ्यांचा प्रभाव दाखवावा लागतो. मला स्वतंत्रपूरमधली जास्त लक्षणीय गोष्ट साधी वाटते: शिक्षा रद्द झाली नव्हती. गुन्ह्याचा निकाल तसाच होता. बदलली होती ती रोजची कामं, शेजार, आणि पळून जायला मोकळी असलेली वाट, जिच्यावरून न जाणं हे रोज नव्यानं करण्याचं एक कृत्य होतं.

आपल्या कायद्यात क्रियापद आणि नाम यांची गाठ एकदा विलक्षण रीतीनं पडली. १८७२ साली भारतीय पुरावा कायदा झाला. तो जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या इंग्रज कायदेपंडितानं रचला. त्याच्या ५४व्या कलमानं सांगितलं की फौजदारी खटल्यात आरोपीचं पूर्वीचं वाईट शील हा पुरावा नाही. आरोपीनं स्वतःच आपल्या चांगल्या शीलाचा पुरावा दिला, तरच त्याला उत्तर म्हणून ते काढता येईल. म्हणजे न्यायाधीशानं विचारायचं ते ‘यानं हे केलं का’ एवढंच, ‘हा कसला माणूस आहे’ हे नाही. इतकी शहाणी तरतूद करणाऱ्या त्याच कायदेमंडळानं, स्टीफन कायदा सदस्य असतानाच, पाच महिने आधी, ऑक्टोबर १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला होता. त्यात कृत्य लागतच नव्हतं. सरकारनं जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर केली की तिच्यातली माणसं नोंदवली जात, त्यांना हजेरी द्यावी लागे, परवान्याशिवाय हालता येत नसे. हा कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात होता. १९११ च्या नव्या कायद्यानं मुंबई इलाख्यालाही तो लागू होऊ शकला, आणि सोलापूरला तारेच्या कुंपणातली मोठी वसाहत उभी राहिली, जिला लोक सेटलमेंट म्हणत. एका प्रसंगावरून नाम लावणं हा आपला रोजचा दोष. इथे शून्य प्रसंगांवरून, जन्माच्या दाखल्यावरून नाम लागत होतं. दोन्हींत फरक प्रमाणाचा आहे, जात एकच. लक्ष्मण गायकवाड यांच्या १९८७ साली आलेल्या आणि पुढच्या वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या आत्मकथनाचं नावच ‘उचल्या’ आहे. उचलणं या क्रियापदाचं नाम, आणि तेच जमातीचंही नाव. त्या घरात जन्मलेल्या पोरानं काहीही उचललं नाही तरी पोलिसांच्या लेखी तो उचल्याच.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला आणि या जमातींना ‘विमुक्त’ हे नवं नाव मिळालं. पण जुनं नाम दुसऱ्या दारानं परत आलं. अनेक राज्यांनी ‘सराईत गुन्हेगारां’साठी कायदे केले, मुंबई राज्याचा १९५९ सालचा. सराईत म्हणजे वारंवार गुन्हा करणारा, असं कायद्याचं म्हणणं, म्हणजे इथे तरी क्रियापदांची मोजणी होती. काही राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांनी मात्र ती मोजणीही सोडून दिली आणि विमुक्त जमातींतल्या माणसांना जन्मानंच सराईत धरलं. कोणती कामं कोणत्या जातीच्या कैद्यानं करायची, हेही काही ठिकाणी लिहून ठेवलेलं होतं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एका पत्रकार महिलेच्या याचिकेवर निकाल देताना या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. नियमावल्यांत ‘सराईत’ हा शब्द वापरायचा तर राज्यांच्या कायद्यातल्या व्याख्येप्रमाणेच वापरा, असं बजावलं. शिवाय एक बारीकसा, कारकुनी वाटणारा आदेश दिला: तुरुंगातल्या कैद्यांच्या नोंदवह्यांमधला जातीचा रकाना काढून टाका. कैद्याचं नाव आणि तो कोणत्या कलमाखाली आत आला, हे त्या वहीत आधीपासून लिहिलेलं असतंच.